खातं अज्ञानाचं, सही आपली

घरातलं मूल जाड दिसू लागलं, की मराठी घरात एकदम आणीबाणी जाहीर होते. आणि आणीबाणीत जे होतं तेच होतं. ज्याच्या हातात काही सत्ता नाही, त्याला पहिल्यांदा आत टाकतात.

दहा वर्षांचा एक इसम. मासिक उत्पन्न शून्य. किराणा आणण्याचा अधिकार नाही, फोडणीत तेल किती पडावं यावर मत विचारलं जात नाही, फ्रीजच्या वरच्या कप्प्यापर्यंत हात पोचत नाही. अशा इसमाला घरातली पाच-सहा मोठी माणसं समोर उभी करतात आणि विचारतात, “तू स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष का देत नाहीस?” विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात त्या वेळी फरसाणाची बशी असते.

मी कॉमर्सचा पदवीधर. वैद्यकातलं मला कळत नाही. पण खातं कुणाच्या नावावर आहे, व्यवहार कुणी केला आणि सही कुणाची, एवढं मला कळतं. गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी त्याचाच पगार घेतो आहे. बँकेच्या कागदोपत्री मराठीत अठरा वर्षांखालच्या खातेदाराला ‘अज्ञान’ म्हणतात. सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ अशी गूढ अक्षरं दिसतात, ती ‘अज्ञान पालनकर्ता’ या शब्दांची. यात मुलाच्या बुद्धीचा संबंध नसतो. पुष्कळदा पालनकर्त्याला एटीएमचा पिन अज्ञानच आठवून देतो. मुद्दा एवढाच, की लहान मुलाचं खातं त्याच्या नावावर असलं तरी ते बहुधा चालवतो पालक. काही गडबड झालीच तर आम्ही त्या पोराला नोटीस धाडत नाही. आम्ही स्लिपा काढतो आणि सही बघतो.

तर आता एका सुखवस्तू घरातल्या जाड मुलाच्या वजनाच्या खात्याचं एका दिवसाचं स्टेटमेंट काढून बघू.

सकाळी दुधात दोन चमचे साखर आणि वर ‘उंची वाढवणारी’ गोड पावडर: जमा करणार आई. चहात बुडवून चार बिस्किटं: जमा करणार आजोबा. डब्यात घाईच्या दिवशीची जॅम-पोळी: पुन्हा आई. शाळा सुटल्यावर ‘भूक लागली असेल बिचाऱ्याला’ म्हणून वडापाव: बाबा, कारण त्यांनाही लागलेली असते. संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक: शेजारच्या काकू. क्रिकेट बघताना चिप्स आणि थंड पेय: मामा. आणि रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर, “एवढासा भात उरलाय, संपवून टाक रे बाळा”: आजी. घरातल्या उरल्यासुरल्याचं विसर्जन ज्या पोटात होतं, ते पोट मोठं का दिसतं यावर पुढे त्याच घरात परिसंवाद भरतो.

सात नोंदी झाल्या. सही एकाही नोंदीवर पोराची नाही. नोटीस मात्र त्याला!

बरं, हे खातं वाढत असताना आपण काय करत होतो? टाळ्या वाजवत होतो. आपल्याकडे गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरवण्याची चाल आहे. वर्षाच्या बाळाच्या मांडीला तीन वळ्या असल्या, की त्याला चांदीचं भांडं मिळतं आणि आईचा फोटो निघतो. “काय बाळसं धरलंय!” म्हणून येणारा-जाणारा गाल ओढतो. त्याच वळ्या नवव्या वर्षी दिसल्या, की तोच येणारा-जाणारा म्हणतो, “काय सुटलाय हो हा!” गुटगुटीतचा ढोल्या नेमका कुठल्या तारखेला होतो, याचं परिपत्रक काही अजून निघालेलं नाही. पोराला बिचाऱ्याला ते कळणार कसं? काल ज्या गोष्टीला बक्षीस होतं, तिला आज दंड आहे.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पुढचं मला नेता येत नाही.

माझा एक भाचा आहे, दहा वर्षांचा. त्याचं नाव चांगलं आहे. बारशाला दोन आत्यांच्या भांडणातून ठरलेलं. पण ते आता फक्त शाळेच्या हजेरीपटावर आणि लसीकरणाच्या कार्डावर उरलंय. घरी तो ‘गोलू’, इमारतीत ‘ढोल्या’ आणि एका विनोदी काकांच्या तोंडी ‘आमचे अध्यक्ष’. मागच्या मे महिन्यात त्याला पोहायच्या क्लासला घातलं, तर तो टी-शर्ट घालून पाण्यात उतरला. शिकवणाऱ्यांनी विचारलं, “शर्ट काढ की रे, कशाला भिजवतोस?” तर म्हणाला, “ऊन लागतं.” तलावाला छप्पर होतं.

अशा मुलाला खेळायला घेतात तेही ऐका. फुटबॉल असला की गोलकीपर, क्रिकेट असलं की अंपायर. ज्या पोराला धावायची गरज सगळ्यांत जास्त, त्याला आपण दोन दांड्यांच्या मध्ये उभं करून ठेवतो. चार दिवसांनी तो खेळायला जायचं बंद करतो. मग आपण म्हणतो, “आळशी आहे!” चिडवल्यानं जगात कुणी बारीक झालेलं नाही. चिडवलेलं मूल मैदान सोडतं, आरशाकडे पाठ करतं आणि दार लावून एकट्यानं खातं. संशोधनातही हे वारंवार दिसलेलं आहे; पण त्यासाठी संशोधन कशाला हवं? आपल्याला साहेबानं चारचौघांत झापलं, तर आपण घरी येऊन व्यायाम करतो की भजी मागतो?

मग एक दिवस उपचार सुरू होतात. ते सुरू करायला डॉक्टर लागत नाही, नातेवाईक पुरतात. एक म्हणतात, गरम पाण्यात लिंबू-मध द्या. दुसरे म्हणतात, जिऱ्याचं पाणी द्या. तिसरे भात तोडायला सांगतात, चौथे पोळी. सगळ्यांचं ऐकलं तर ताटात फक्त चटणी उरते. गुढीपाडव्याला सगळं घर श्रीखंडावर आडवा हात मारत असतं आणि त्या एका ताटात काकडीच्या चकत्या. तुरुंगातसुद्धा सगळ्या कैद्यांना एकच आमटी असते हो! खाऊची बरणी कपाटाच्या माथ्यावर जाते, पण काचेचीच, म्हणजे दिसत तरी राहावी.

या बरणीचं काय होतं ते अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लिअ‍ॅन बर्च या दोन बायकांनी १९९९ साली लहान मुलांवर प्रयोग करून छापलं. ज्या आवडत्या खाऊवर बंदी घातली, त्याच्याबद्दलच मुलं जास्त बोलू लागली आणि तोच जास्त मागू लागली. आपल्या आज्यांनी हे अमेरिकेच्या आधी सांगितलं असतं. त्यांनी लाडवांच्या डब्याला कुलूप लावून पाहिलेलं होतं.

आता मला सगळ्यांत आवडलेला अभ्यास सांगतो. इस्रायलमध्ये मोरिया गोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. सहा ते अकरा वर्षांची साठ जाड मुलं घेतली. एका गटात नेहमीप्रमाणे मुलांनाच बोलावून आहाराचं शिकवलं. दुसऱ्या गटात मुलांना बोलावलंच नाही. फक्त आईबापांना बोलावलं आणि घरात काय आणायचं, कसं वाढायचं, स्वतः कसं वागायचं हे त्यांना शिकवलं. वर्षाअखेर वजनाचा जादा भाग जास्त कुणाचा उतरला? ज्यांना बोलावलंच नव्हतं, त्या मुलांचा! आईबापांना दुरुस्त केलं आणि पोरं सुधारली. मी हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. स्लिपांवर सह्या कुणाच्या होत्या, हे आम्ही बँकवाले आधीच बघून ठेवतो.

डॉक्टरकडे जाऊ नका असं मी म्हणत नाही. अवश्य जा, आणि पहिल्यांदा जा. कारण मूल जाड आहे की नाही, हे शेजारच्या काकूंनी ठरवायचं नसतं. मोठ्यांचा वजनाचा तक्ता मुलांना लावायचा नसतो. वय आणि मुलगा-मुलगी पाहून तो वेगळा वाचावा लागतो. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी २०१५ साली सुधारित तक्ते काढले आहेत. आणि गंमत म्हणजे, वाढत्या वयाच्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत डॉक्टर वजन उतरवायला सांगतच नाहीत. वजन आहे तिथे धरून ठेवा आणि उंची वाढू द्या, एवढंच सांगतात. म्हणजे आपण पोराला उपाशी ठेवून जे मागतो, ते पुष्कळदा डॉक्टरसुद्धा मागत नाहीत.

इथे काही घरांत समाधानाचा सुस्कारा ऐकू येतो: “आमची धाकटी काडी आहे हो, तिला काही पथ्य नाही.” थांबा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, तो बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाच्या अंगात ९.१ टक्के आणि दुसऱ्याच्या २१.२. जास्तीचा आकडा आपल्या माणसाचा! आपण भारतीय लोक बाहेरून काडी आणि आतून लोणी असू शकतो. तेव्हा चिप्सचं पाकीट ढोल्याला वाईट आणि काडीला चांगलं, असा भेद पाकीट स्वतः करत नाही. घराच्या सवयी बदलायच्या त्या सगळ्या घराच्या.

यावर ठरलेली हरकत येते. “आमच्या वेळी आम्ही सगळं खाल्लं, आम्हांला काय झालं?” हे म्हणणाऱ्याच्या खिशात बहुधा रक्तदाबाची गोळी असते, ते सोडा. पण आमच्या वेळी आम्ही काही साधुसंत नव्हतो. आमच्या खिशात पैसे नव्हते. साखर रेशनवर मोजून यायची, वेफर्स म्हणजे प्रवासाचा खाऊ, आणि बाटलीतलं थंड पेय लग्नाला मिळायचं, तेही वरपक्षाला. शाळेत चालत जायचो, कारण रिक्षा मागितली असती तर वडिलांनी चालवूनच नेलं असतं. आता तीनशे मिलिलिटरच्या गोड पेयात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सात-साडेसात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली वरून घातलेली साखर कमी करायला सांगताना जो सर्वांत चांगला आकडा दिला, तो मोठ्या माणसाला दिवसाला पंचवीस ग्रॅम आहे. एका बाटलीत मोठ्या माणसाचा दिवस संपतो, आणि ती आपण मुलाला ‘जेवणाबरोबर’ देतो.

आणि हे काही एकट्या आपल्या घराचं नाही. युनिसेफनं २०२५ साली सांगितलं, की जगात पाच ते एकोणीस वयाच्या मुलांत अति लठ्ठ मुलांचं प्रमाण, ९.४ टक्के, हे प्रथमच कमी वजनाच्या मुलांच्या, ९.२ टक्क्यांच्या, पुढे गेलं. इतक्या कोट्यवधी पोरांचा ‘स्वतःवरचा ताबा’ एकाच वेळी सुटला असेल, हे काही मला पटत नाही. सगळ्या शाखांत एकदम तूट आली, तर दोष कॅशियरचा नसतो, सिस्टिमचा असतो.

सिस्टिम म्हणजे कोण? तुम्ही, मी आणि आपली सोसायटी. आपण सोसायटीच्या मोकळ्या जागेत आधी गाड्या लावल्या, मग भिंतीवर पाटी लावली, ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’. काचा सुरक्षित राहाव्यात म्हणून पोरं घरात कोंडली. शाळेत पी.टी.चा तास गणिताच्या बाई उसना घेतात, आणि तो उसना कधी परत आल्याचं मी ऐकलेलं नाही. २०२० साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नियम केला, की जास्त चरबीचे, साखरेचे आणि मिठाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरांत विकायचे नाहीत. नियम चांगला आहे. पण टेप घेऊन मोजायला जाणार कोण? आणि मोजलंच, तर एकावन्नाव्या मीटरवर गाडीपाशी पोराच्या आधी बाप उभा असतो. मे २०२५ मध्ये सीबीएसईनं शाळांना कुठल्या पदार्थात किती साखर असते ते सांगणारे ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. तेही चांगलं आहे. फक्त एक बोर्ड घरातल्या फ्रीजवरही लागला पाहिजे, मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

आम्हा बँकवाल्यांची युनियन आहे. मागण्यांचं निवेदन कसं लिहायचं ते आम्हांला झोपेतही येतं. मुलांची युनियन नाही, म्हणून त्यांच्या वतीनं हे निवेदन मी सादर करतो.

मागणी क्रमांक एक: घरात स्वयंपाक एकच असावा. श्रीखंड असेल तर सगळ्यांना लहान वाटीभर. कोशिंबीर असेल तर सगळ्यांना, बाबांनासुद्धा.

मागणी क्रमांक दोन: जे खायचं नाही ते घरात आणूच नये. बंदी बरणीवर नको, पिशवीवर हवी. दुकानात मोठ्यांनी स्वतःला आवरावं, म्हणजे घरी मुलाला आवरावं लागणार नाही. तहानेला पाणी आहे, साधं ताक आहे.

मागणी क्रमांक तीन: काय करायचं आणि केव्हा वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाला ठरवू द्यावं. ‘पुरे’ म्हणणारं मूल घरातलं सर्वांत प्रामाणिक माणूस असतं. त्याच्या ताटात ‘एवढंच’ म्हणून वाढू नये. मार्क पडले म्हणून आइस्क्रीम आणि पडले नाहीत म्हणून आइस्क्रीम बंद, हा व्यापारही थांबवावा.

मागणी क्रमांक चार: जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद. हा कलम घरातल्या सर्व श्रेणींच्या कर्मचाऱ्यांना लागू राहील.

मागणी क्रमांक पाच: रोज एक तास अंगातून घाम निघेल असा खेळ. जागतिक आरोग्य संघटनाही पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं सांगते. त्याला ‘वजनासाठी व्यायाम’ म्हणू नये. पकडापकडी म्हणावं, सायकल म्हणावं, आणि निदान रविवारी मोठ्या माणसानं बरोबर पळावं. सोसायटीची पाटी काढावी. काच फुटली तर वर्गणीतून बसवून मिळेल.

मागणी क्रमांक सहा: झोप. शाळकरी पोराला रात्रीची नऊ ते बारा तास झोप लागते. आपली मालिका आणि मॅच संपेपर्यंत जागवून ठेवलेलं मूल सकाळी मैदानावर नाही, बिस्किटांवर जातं.

मागणी क्रमांक सात, आणि ही तडजोडीत सोडायची नाही: मुलाला त्याच्या नावानं हाक मारावी.

आजीचं काय, असं कुणी विचारील. आजीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला मी तयार नाही. तिनं ओढगस्तीचे दिवस पाहिलेत. तिच्या लेखी पोटभर वाढणं म्हणजेच माया. दुसरं चलन तिच्याजवळ नाही. आणि हातातलं चलन एका रात्रीत रद्द केलं की काय होतं, ते २०१६ साली मी काउंटरच्या आत बसून पाहिलंय. तेव्हा आजीला चलन हळूहळू बदलून द्या. लाडू महिन्याच्या ठरल्या दिवशी असू दे. एरवी तिला म्हणा, आई, रोज संध्याकाळी नातवाचा हात धरून देवळापर्यंत चालत जा आणि वाटेत गोष्ट सांग. गुडघे दुखतात म्हणून ती हळू चालेल, गोष्ट लांबेल, आणि पोरगं दुप्पट चालेल. माया तेवढीच, व्याज जास्त.

हे निवेदन मी भाच्याला वाचून दाखवलं. तो सगळं नीट ऐकून म्हणाला, “मामा, अज्ञान म्हणजे ढ का?” म्हटलं, “नाही रे. अज्ञान म्हणजे ज्याच्या वतीनं दुसरा सही करतो तो.” त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “मग मला का ओरडतात?”

एवढा साधा प्रश्न आमच्या ऑडिटरनंही मला कधी विचारलेला नाही.

अठरा वर्षं पूर्ण झाली की बँकेत पालकाची सही रद्द होते. मूल नव्या सहीचा नमुना देतं आणि आम्ही खातं, आहे त्या शिलकेसकट, त्याच्या ताब्यात देतो. मागच्या नोंदी खोडून मिळत नाहीत. शरीराचंही तसंच आहे. चव, भूक, चालायची सवय, आरशात स्वतःकडे बघायची हिंमत, हे सगळं त्या दिवशी त्याच्या स्वाधीन होणार आहे, आपण जसं भरलं असेल तसं. भाच्याच्या खात्याला अजून आठ वर्षं आहेत. तोपर्यंत सही आपली. स्लिप भरताना जरा बघून भरा.